खेळातील दक्षिण अमेरिका

कुंभारीच्या माळरानालगत वाढलेल्या मला, ‘प्लॅनेट झू’ या संगणकीय खेळात दक्षिण अमेरिकेचा विभाग वसवताना, तेथील घनदाट अरण्यापेक्षा गवताळ मुलुखाचेच आकर्षण अधिक वाटावे, हे स्वाभाविक आहे.

या खेळाच्या एप्रिल २०२० मधील ‘दक्षिण अमेरिका’ या पूरक संचात जग्वार, लामा, महाकाय मुंगीखाऊ, कॅपुचिन माकड आणि लाल डोळ्यांचा वृक्षमंडूक दाखल झाले. पैकी मंडूक मुख्यत्वे मध्य अमेरिकेचा, सबब ती निवड मला पटत नाही.

२०२२ च्या गवताळ प्रदेशाच्या संचातील आयाळधारी लांडगा मात्र पहिल्या मानाचा अधिकारी! उंच गवतात वावरण्यास सोयीचे लांबलचक पाय लाभलेला, नावाने लांडगा व रूपाने कोल्हा असूनही वस्तुतः दोहोंहून भिन्न, असा हा आपल्या प्रजातीचा एकमेव हयात प्रतिनिधी असून, त्याच्या आहारात मांसाइतकेच महत्त्व फळांना, विशेषतः वांग्याच्या कुळातील ‘लोबेइरा’ला आहे.

त्याच्या शेजारच्या आवारात ऱ्हिया हवाच. नान्नजच्या माळढोकाप्रमाणे गवताळ रानाचा हा भव्य पक्षी, ज्याची अंडी नर उबवतो आणि पिलेही तोच सांभाळतो, त्या विभागाला पूर्णत्व देईल.

आवारांच्या रचनेविषयी शंका असल्यास निःसंकोच विचाराव्यात. आपण कोणते प्राणी निवडाल, हेही कळवावे.