कोंबडीचे खाद्य आणि सरकारी कागद

वाचकहो, मथळा वाचून आपण थोडे बुचकळ्यात पडला असाल. कोंबडीच्या खाद्याचा आणि सरकारी दप्तराचा काय संबंध? मलाही तो एका विद्यार्थ्यामुळे कळला. हा मुलगा खेड्यातून माझ्या राज्यशास्त्राच्या वर्गाला येई. घरी कुक्कुटपालनाचा धंदा. कंपनी पिले देते, खाद्य देते, औषधे देते. यांनी चाळीसएक दिवस कोंबड्या सांभाळायच्या आणि वजनावर पैसे घ्यायचे. एकदा त्याची आजी आजारी पडली. डॉक्टर म्हणाले, "नेहमीचे औषध लागू पडत नाही, वरचे द्यावे लागेल." दुसऱ्या दिवशी मुलाने मला विचारले, "सर, आमच्या खाद्यात काय मिसळतात हे सरकारला ठाऊक असेलच ना? मग आम्हांला कळायला काय हरकत आहे?"

आजीच्या दुखण्याचा त्या खाद्याशी संबंध होता की नव्हता, हे कोणी सांगू शकणार नाही. पण मुलाचा प्रश्न मात्र अगदी वाजवी होता. त्याचेच उत्तर आज आपण शोधू या.

आधी औषधाची हकीकत थोडक्यात सांगतो. १९५० च्या सुमारास अमेरिकेत ज्यूक्स आणि स्टॉकस्टॅड ह्या संशोधकांना असे आढळले की, ऑरिओमायसिन हे अँटिबायॉटिक तयार करताना उरणारा चोथा कोंबडीच्या पिलांना चारला, तर ती भराभर वाढतात. मग काय विचारता! आजार असो वा नसो, रोजच्या खाद्यात थोडेथोडे औषध घालण्याची चाल पडली. ह्यात दोन निरनिराळे धोके आहेत आणि त्यांची गल्लत करता कामा नये. एक म्हणजे मांसात वा अंड्यात औषधाचा अंश उरणे. दुसरा अधिक खोल. थोड्या मात्रेने सगळे जंतू मरत नाहीत. जे उरतात ते त्या औषधाला निर्ढावतात, आणि निर्ढावलेले जंतू खुराड्यात थांबत नाहीत. १९७६ साली स्टुअर्ट लेव्ही ह्या अमेरिकन वैद्यकाने बॉस्टनजवळच्या एका शेतावरील प्रयोग प्रसिद्ध केला. कोंबड्यांच्या खाद्यात टेट्रासायक्लीन घातले. काही महिन्यांत ते औषध न घेतलेल्या शेतकरी कुटुंबाच्या पोटातही निर्ढावलेले जंतू सापडू लागले.

म्हणजे हा प्रश्न एकट्या कोंबडीवाल्याचा नाही, आपल्या सर्वांच्या औषधाच्या कपाटाचा आहे. आणि जो सर्वांचा प्रश्न, त्याचे कागद सर्वांना पाहावयास मिळाले पाहिजेत. बोलायला हे सोपे आहे. प्रत्यक्षात असा कागद मागितला की कचेरीकडून तीनपैकी एक उत्तर येण्याचा संभव असतो. "हे आमचे अंतर्गत टिपण आहे", "हे कंपनीचे व्यापारी गुपित आहे", किंवा "ह्याने परराष्ट्रांशी संबंध बिघडतील." ह्या तिन्ही उत्तरांचा कस लागल्याचे दाखले परदेशांत आहेत. ते पाहिले म्हणजे आपली वाट अधिक स्पष्ट होईल.

पहिला दाखला अमेरिकेचा. तेथे माहितीच्या स्वातंत्र्याचा कायदा १९६६ सालापासून आहे. तेथील अन्न व औषध प्रशासनाने १९७७ सालीच पेनिसिलीन व टेट्रासायक्लीन पशुखाद्यातून काढण्याचा प्रस्ताव मांडला होता. प्रस्ताव पडून राहिला. २०११ मध्ये एन.आर.डी.सी. ह्या पर्यावरणवादी संस्थेने सरकारवर खटला भरला. त्याच सुमारास तिने ह्या कायद्याखाली अर्ज करून प्रशासनाच्या दप्तरातील टिपणेही मागितली. ती २०१४ च्या आरंभी लोकांसमोर आली, तेव्हा काय दिसले? २००१ ते २०१० ह्या काळात प्रशासनाच्या स्वतःच्याच शास्त्रज्ञांनी अशी ३० खाद्य-औषधे तपासली होती. त्यांपैकी १८ औषधांमुळे निर्ढावलेले जंतू माणसापर्यंत पोहोचण्याचा धोका मोठा आहे, असे त्यांचे मत पडले होते, आणि २६ औषधे तर १९७३ साली घालून दिलेल्या कसोटीलाही उतरली नव्हती. कागद लिहिला गेला होता, पण फडताळात राहिला होता. पुढे त्याच वर्षी अपील न्यायालयात संस्था खटला हरली. पण एकदा बाहेर आलेला कागद पुन्हा आत जात नाही. जानेवारी २०१७ पासून माणसांच्या उपचारात महत्त्वाची असलेली अँटिबायॉटिके केवळ वजन वाढविण्यासाठी जनावरांना देणे अमेरिकेत बंद झाले. हे त्या एका कागदाने झाले असे मी म्हणणार नाही. पण "आम्हांला धोका ठाऊक नव्हता" असे म्हणण्याची सोय त्या कागदाने उरू दिली नाही, हे खरे.

दुसरे उत्तर व्यापारी गुपिताचे. त्याचा दाखला युरोपात मिळतो. युरोपीय संघाचा कागदपत्रांविषयीचा नियम २००१ सालचा, क्रमांक १०४९. कागद कशाला हवा, हे अर्जदाराला सांगावे लागत नाही. कचेरीने कामाच्या पंधरा दिवसांत उत्तर द्यायचे. नकार आला तर पुढच्या पंधरा दिवसांत फेरविचाराचा अर्ज करावयाचा, आणि तरीही नकारच मिळाला तर लोकपालाकडे किंवा न्यायालयात जावयाचे. एका कंपनीने जनावरांच्या औषधाचे विषपरीक्षेचे अहवाल युरोपीय औषध संस्थेकडे परवान्यासाठी दिले होते. कोणीतरी ते मागितले. संस्था द्यावयास तयार झाली, तर कंपनीच न्यायालयात गेली. औषध कुत्र्यांच्या पिसवा-गोचिडांवरचे होते, अँटिबायॉटिक नव्हे. पण २२ जानेवारी २०२० रोजी लागलेला निकाल सगळ्याच औषधांना लागू पडण्याजोगा आहे. असे अहवाल सरसकट गुप्तच समजावेत असा काही नियम नाही, असे न्यायालय म्हणाले. कोणत्या मजकुराने कंपनीचे नेमके काय नुकसान होईल, ते तिने दाखवून द्यावयास हवे. नुसते "गुपित, गुपित" म्हणून भागत नाही.

तिसरे उत्तर सर्वांत बिकट आहे, आणि त्याचा दाखला आपल्या देशाशीच निगडित आहे. भारत आणि युरोपीय संघ यांच्यात व्यापारी कराराची बोलणी २००७ साली सुरू झाली. ब्रुसेल्सच्या कॉर्पोरेट युरोप ऑब्झर्व्हेटरी ह्या संस्थेने २००९ मध्ये त्या बोलण्यांचे कागद मागितले. आयोगाने कागद दिले, पण त्यांतला काही मजकूर गाळून. गंमत अशी की तेच कागद न गाळता उद्योगपतींच्या संघटनांना पाठविलेले होते! संस्थेचे म्हणणे असे, की जे व्यापाऱ्यांना दाखविले ते नागरिकांपासून लपविता कसे येईल? २०१३ मध्ये पहिल्या न्यायालयाने आणि २०१५ मध्ये वरच्या न्यायालयाने निकाल आयोगाच्या बाजूने दिला. सल्लागार म्हणून काही जणांना कागद दाखविला, एवढ्याने तो सार्वजनिक होत नाही, असे ठरले. ह्याचे मूळ त्या नियमातच आहे. व्यापारी गुपिताच्या बाबतीत "लोकहित मोठे आहे" असा युक्तिवाद करता येतो. पण परराष्ट्रसंबंधांचे कारण एकदा मान्य झाले की युरोपच्या नियमात लोकहिताचा तराजू बाहेर निघतच नाही.

आता तुम्ही म्हणाल, व्यापाराचा आणि कोंबडीच्या औषधाचा संबंध कोठे आला? तो आता फार जवळचा झाला आहे. युरोपने वाढीसाठी अँटिबायॉटिक चारणे १ जानेवारी २००६ पासून पूर्ण बंद केले. २८ जानेवारी २०२२ पासून तेथे नवा कायदा लागू झाला. बाहेरून येणारे मांस, अंडी, मासे हेही वाढीसाठी औषध न देता, आणि केवळ माणसांसाठी राखून ठेवलेली औषधे न वापरता तयार झालेले असावेत, असे त्यात म्हटले आहे. परदेशी मालाबरोबर तसा दाखला मागण्यासाठी ३ सप्टेंबर २०२६ ही तारीख नेमली गेली. अशा अटी व्यापाराच्या बोलण्यांत पुढे येतात. कोणी म्हणते सवलत द्या, कोणी म्हणते मुदत वाढवा. आपल्या कोळंबीचेच पाहा ना. औषधांचे अंश सापडतात म्हणून युरोपने २०१६ मध्ये भारतातील तळ्यांत वाढविलेल्या कोळंबीच्या तपासणीचे प्रमाण दहा टक्क्यांवरून पन्नास टक्क्यांवर नेले. म्हणजे परदेशी गिऱ्हाइकासाठी निम्म्या मालाची परीक्षा! आणि आपल्या बाजारातल्या मालाची? तेच तर विचारावयाचे आहे.

विचारण्यासाठी आपल्या हातात साधन आहे. महाराष्ट्राने माहितीच्या अधिकाराचा कायदा २००२ साली केला आणि २००५ साली तो साऱ्या देशासाठी झाला. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर. अर्ज चुकीच्या कचेरीत गेला तर तिने तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवावयाचा. नकार आला किंवा उत्तरच आले नाही, तर तीस दिवसांत वरच्या अधिकाऱ्याकडे पहिले अपील, आणि तेथेही दाद लागली नाही तर नव्वद दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरे. विनाकारण टाळाटाळ करणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड होऊ शकतो. आपल्या कायद्यातही परराष्ट्रसंबंध आणि व्यापारी गुपित हे अपवाद आहेतच. पण कलम ८ च्या दुसऱ्या पोटकलमात असे म्हटले आहे की, होणाऱ्या हानीपेक्षा लोकहित मोठे असेल तर ह्या अपवादांतला कागदही देता येतो. युरोपात परराष्ट्रसंबंधांपाशी थांबणारा तो तराजू आपल्याकडे तेथेही वापरता येतो. ही आपली जमेची बाजू. ती पुष्कळांना ठाऊक नसते.

मग माझ्या विद्यार्थ्याचे काय झाले? त्याने मोठ्या उत्साहाने अर्ज केला: "आमच्या भागात कोंबड्यांना घातक औषधे का दिली जातात आणि सरकार ह्याबाबत काय करीत आहे?" मसुदा मीच पाहिला होता आणि "छान लिहिलेस रे" असेही म्हणालो होतो. महिन्याने एका ओळीचे उत्तर आले: प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही. मुलगा हिरमुसला. मला मात्र कचेरीपेक्षा स्वतःचाच राग आला. कायदा दप्तरात असलेला कागद देतो. नवे उत्तर रचून देण्यास कचेरी बांधलेली नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितले आहे. हे वर्गात शिकविणारा मीच, आणि मसुदा पाहताना मीच विसरलो!

आम्ही पुन्हा बसलो. "का" काढून टाकला. "अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत कोंबडीचे मांस व अंडी यांचे घेतलेले नमुने, त्यांची नोंदवही आणि प्रयोगशाळेचे अहवाल, यांच्या प्रती द्याव्यात. काही भाग देता येत नसल्यास कलम १० प्रमाणे तेवढा वगळून बाकीचा द्यावा, आणि वगळण्याचे कलम कळवावे." बस्स, एवढेच. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एका विषयाचा आणि साधारण दीडशे शब्दांत बसणारा असावा लागतो. तो आरामात बसला. ह्या वेळी कागद आले. तक्त्यात भेसळीचे रकाने भरलेले होते. औषधांच्या अंशाचा रकाना मात्र वरपासून खालपर्यंत कोरा होता.

मुलगा म्हणाला, "सर, ह्यात तर काहीच नाही." मी म्हटले, "अरे, हेच तर उत्तर आहे! तपासले आणि काही सापडले नाही, असे हा कागद म्हणत नाही. तपासलेच नाही, असे म्हणतो." तो तक्ता जोडून त्याच्या वडिलांनी आणि शेजारच्या कोंबडीवाल्यांनी कचेरीकडे लेखी मागणी केली, की हा रकाना यापुढे भरला जावा. आता त्यांना "तुमचा गैरसमज आहे" असे सांगून परत पाठविणे सोपे राहिले नाही.

वाचकहो, आपणांपैकी कोणाला असा कागद मागावासा वाटला, तर एवढे ध्यानात ठेवा. आधी जे उघड आहे ते पाहा. जागतिक व्यापार संघटनेच्या १९९५ पासूनच्या करारान्वये प्रत्येक देशाला अन्नसुरक्षेच्या नव्या नियमांचे मसुदे कळवावे लागतात. आपल्या कायद्याचे चौथे कलमही बरीच माहिती आपण होऊन जाहीर करावयास सांगते. भारत सरकारने कोलिस्टीन हे औषध खाद्य-जनावरांसाठी वापरण्यास जुलै २०१९ मध्ये बंदी घातली, तीही राजपत्रात छापून. त्यानंतर जे उरेल ते नावानिशी मागा: बंदीनंतरचे तपासणी अहवाल, दुकानांना दिलेल्या नोटिसा, निर्यातीच्या कोळंबीच्या अवशेष-तपासणीचे वार्षिक निकाल. कारण विचारू नका, कागद मागा. नकार आला तर तो कलमासकट लेखी घ्या आणि अपिलाची तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवा.

त्या मुलाच्या आजीला वरचे औषध लागू पडले, ती बरी झाली. वरच्या औषधांच्या वर फार थोडी औषधे शिल्लक आहेत. ती कोठे, कशी आणि कोणासाठी खर्च होतात, ह्याचा हिशेब मागणे आपल्याला दहा रुपयांत करता येते.