नारा

जपानची प्राचीन राजधानी आणि तेथील बौद्ध कलेचे एक अत्यंत महत्त्वाचे केंद्र. लोकसंख्या सु. ३·५५ लाख (२०२०). हे शहर होन्शू बेटावर क्योटोच्या दक्षिणेस सु. ४० किमी. व ओसाकाच्या पूर्वेस सु. ३० किमी. वर, डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात वसले असून याच नावाच्या परगण्याचे मुख्य ठाणे आहे. क्योटो व ओसाका या दोन्ही शहरांतून विद्युत् रेल्वेने सु. पाऊण तासात येथे येता येते. त्यामुळे बहुतेक प्रवासी सकाळी येऊन सायंकाळी परततात. तेवढ्या वेळात महाबुद्ध व हरणे पाहून होतात. तथापि नाराचे खरे वैभव पाहण्यास निदान तीन दिवस हवेत आणि त्यांतील एक पूर्ण दिवस होऱ्यूजीसाठी राखून ठेवावा.

सातव्या शतकापर्यंत जपानमध्ये राज्यकर्ता बदलला की बहुधा राजवाड्याची जागाही बदलत असे. सम्राज्ञी गेन्मेइ हिने ७१० मध्ये फुजिवारा-क्योहून राजधानी येथे हलविली व थांग वंशाच्या चीनमधील छांगआन नगरीच्या धर्तीवर, काटकोनात छेदणाऱ्या रुंद रस्त्यांचे हेइजो-क्यो हे नगर वसविले. ७४० ते ७४५ या काळातील खंड वगळता ७८४ पर्यंत ही राजधानी होती. बौद्ध विहारांचे राजकारणातील वाढते प्रस्थ हे राजधानी येथून हलविण्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. दरबार गेला, विहार मात्र राहिले. राजवाड्याच्या जागी शेती होऊ लागली. सत्तेचे केंद्र येथून गेल्यामुळेच पुष्कळसे प्राचीन अवशेष जमिनीत शाबूत राहिले, हा इतिहासातील एक विरोधाभासच म्हणावा लागेल. राजवाड्याच्या उत्खननात शासकीय हिशेब व आज्ञा लिहिलेल्या लाकडी पट्ट्या मोठ्या संख्येने मिळाल्या असून त्या काळच्या कारभाराचे ते अस्सल साधन होय. तेथील सुझाकू महाद्वार (१९९८) व दरबार सभागृह (२०१०) या वास्तू मात्र संशोधनाच्या आधारे नव्याने उभारलेल्या आहेत, हे पाहणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

शहरातील सर्वांत प्रसिद्ध स्थळ म्हणजे तोदाइजी हे मंदिर. ७३५–३७ मध्ये देवीच्या भयंकर साथीने देश हैराण झाला आणि ७४० मध्ये बंडाळी उद्‌भवली. अशा स्थितीत राष्ट्राला बुद्धाचे संरक्षण लाभावे म्हणून सम्राट शोमू याने ७४३ मध्ये वैरोचन बुद्धाची प्रचंड ब्राँझमूर्ती घडविण्याची आज्ञा काढली. ही मूर्ती खालून वर अशी टप्प्याटप्प्याने ओतण्यात आली. तिच्या मुलाम्यासाठी सोने कोठून आणावे या विवंचनेत असतानाच ७४९ मध्ये ईशान्येकडील मुत्सू प्रांतात सोने सापडले. बैठ्या मूर्तीची उंची सु. १५ मी. आहे. ७५२ मध्ये तिचा नेत्रोन्मीलन विधी बोधिसेन (७०४–६०) या भारतीय भिक्षूच्या हस्ते झाला. तो दक्षिण भारतीय ब्राह्मण होता, असे परंपरा सांगते. चीनमार्गे ७३६ मध्ये तो जपानला आला होता. मूर्तीचे डोळे रेखाटणाऱ्या त्याच्या कुंचल्यास लांब दोर बांधला होता व उपस्थितांनी तो हाती धरून त्या पुण्यात आपला वाटा उचलला. तो कुंचला व तो दोर आजही जतन केलेले आहेत. जपानी अक्षरमालेचा अ-इ-उ-ए-ओ, क-स-त-न हा क्रम संस्कृत वर्णमालेवरून आला, ही गोष्ट खरी; परंतु तिचे श्रेय एकट्या बोधिसेनाला देण्याची जी प्रथा आपल्याकडील काही लेखनात दिसते, तिला पुरेसा आधार नाही.

मूर्तीवर व मंदिरावर पुढे अनेक आपत्ती आल्या. ८५५ च्या भूकंपात बुद्धाचे मस्तक निखळून पडले. ११८० च्या यादवीत मंदिर जळाले, तेव्हा चोगेन या वृद्ध भिक्षूने देशभर देणग्या गोळा करून ते पुन्हा उभारले. १५६७ च्या युद्धात ते दुसऱ्यांदा जळाले व पुढे सु. शतकभराहून अधिक काळ महाबुद्ध उघड्यावरच बसून होता. सध्याचे सभागृह १७०९ मध्ये पूर्ण झाले. द्रव्य आणि मोठे वासे या दोहोंच्या अभावी त्याची रुंदी मूळच्या सु. ८६ मी. वरून सु. ५७ मी. वर आणावी लागली. तरीही ते दीर्घकाळ जगातील सर्वांत मोठी लाकडी इमारत म्हणून गणले जात होते. मूर्तीतील आठव्या शतकाचा भाग मुख्यतः कमलासनाच्या पाकळ्यांतून दिसतो. त्यांवरील विश्वदर्शनाचे कोरीव रेखाटन अवश्य पाहावे. चोगेनच्या काळातील दक्षिण महाद्वारात उनकेइ, काइकेइ प्रभृती शिल्पकारांनी १२०३ मध्ये अवघ्या ६९ दिवसांत घडविलेले, सु. ८·४ मी. उंचीचे दोन लाकडी द्वारपाल आहेत. त्यांचा आवेश पाहिला, की आतील बुद्धाची शांती अधिक जाणवते. टेकडीवरील निगात्सुदो या उपमंदिरात दरवर्षी १ ते १४ मार्च या काळात होणारे अग्नी व जल यांचे अनुष्ठान ७५२ पासून अखंड चालू असल्याचे सांगतात.

तोदाइजीच्या मागे शोसोइन हे लाकडी भांडार आहे. त्रिकोणी छेदाचे ओंडके एकमेकांत अडकवून केलेले हे बांधकाम उंच खांबांवर उभे आहे. शोमूच्या मृत्यूनंतर सम्राज्ञी कोम्यो हिने ७५६ मध्ये त्याच्या वापरातील वस्तू महाबुद्धास अर्पण केल्या, त्या येथे ठेवण्यात आल्या. एकंदर संग्रह सु. ९,००० वस्तूंचा आहे. त्यांत इराणी धाटणीची काचपात्रे आणि शिंपल्याच्या जडावाचे पंचतारी बिवा वाद्य यांचा समावेश होतो. पाच तारांच्या या प्रकाराचे मूळ भारतात मानले जाते व त्या काळचा हा एकमेव नमुना अवशिष्ट आहे. औषधांच्या यादीत हिरडा, मिरी व पिंपळी ही नावे वाचून भारतीय वाचकास गंमत वाटेल. हा ठेवा आता आधुनिक काँक्रीटच्या भांडारांत असून मूळ इमारत बाहेरूनच पाहता येते. १९४६ पासून प्रत्येक शरद ऋतूत यांतील निवडक वस्तूंचे प्रदर्शन नारा राष्ट्रीय संग्रहालयात भरते.

कोफुकुजी हे फुजिवारा घराण्याचे कुलमंदिर. येथील पाचमजली पॅगोडा (सु. ५० मी.; पुनर्बांधणी १४२६) हे शहराचे जणू बोधचिन्ह होय. १८६८ नंतरच्या बौद्धविरोधी लाटेत तो मोडीत विकला जाणार होता, अशी आख्यायिका आहे. मंदिराच्या संग्रहालयातील अष्टगणांच्या मूर्तींत गंधर्व, किन्नर, गरुड असे आपले परिचित गण आढळतात. त्यांतील तीन मुखे व सहा हात असलेली असुराची मूर्ती (७३४) कोरड्या लाखेच्या तंत्राने घडविलेली आहे. पुराणांतील उग्र असुर येथे कपाळाला किंचित आठी घातलेला, खिन्न कुमार झाला आहे. जपानी मूर्तिकलेत याहून हृद्य कलाकृती क्वचितच आढळेल.

याच फुजिवारांचे शिंतो देवस्थान कासुगा ताइशा (७६८) गर्द वृक्षराजीत आहे. वाटेवर दगडाचे व सोप्यांत ब्राँझचे असे मिळून सु. ३,००० दिवे भक्तांनी अर्पण केलेले असून फेब्रुवारीत व ऑगस्टच्या मध्यास ते सर्व एकदम उजळतात. साधारण वीस वर्षांनी मंदिराची शास्त्रोक्त नूतनीकरणाची प्रथा असून साठावे नूतनीकरण २०१६ मध्ये पूर्ण झाले. येथील देव शुभ्र हरणावर बसून आला, या श्रद्धेमुळे हरणे पवित्र मानली जातात. शहराच्या उद्यानात ती सु. १,३०० असून निर्भयपणे हिंडतात. मंदिरामागील कासुगा डोंगरावर ८४१ पासून शिकार व वृक्षतोड यांना बंदी आहे. म्हणूनच एवढ्या मोठ्या शहराला लागून आदिम अरण्य टिकून राहिले. आपल्याकडील देवरायांशी याची तुलना सहज सुचते.

शहराच्या पश्चिमेस याकुशिजी व तोशोदाइजी ही मंदिरे जवळजवळ आहेत. याकुशिजीचा पूर्व पॅगोडा (७३०) तीनमजली असूनही मधल्या उपछतांमुळे सहामजली भासतो. समोरचा पश्चिम पॅगोडा १९८१ मधील आहे. तोशोदाइजीची स्थापना गांजिन (चिनी नाव ज्येनचन) या चिनी भिक्षूने ७५९ मध्ये केली. जपानला येण्याचे त्याचे पाच प्रयत्न फसले, त्यात दृष्टीही गेली; सहाव्या खेपेस ७५३ मध्ये तो पोहोचला. त्याची लाखेची प्रतिमा वर्षातून थोडेच दिवस दर्शनास खुली असते. वसंत ऋतूत येणाऱ्यांनी परगण्याच्या दक्षिणेकडील योशिनो डोंगरावरील चेरीचा बहरही पाहावा.

नाराच्या नैर्ऋत्येस इकारुगा येथे होऱ्यूजी आहे. राजपुत्र शोतोकू याने ते ६०७ मध्ये स्थापिले. ६७० मध्ये ते जळाल्याची नोंद प्राचीन इतिवृत्तात असून सध्याचे सुवर्णगृह व पाचमजली पॅगोडा या त्यानंतरच्या, तरीही जगातील विद्यमान लाकडी इमारतींत सर्वांत प्राचीन अशा वास्तू होत. पॅगोडाच्या मध्यस्तंभाचा वृक्ष मात्र ५९४ च्या सुमारास तोडलेला असल्याचे वृक्षवलयांवरून दिसून आले आहे. हे लाकूड आधीच्या इमारतीचे की साठवणीतले, यावर मतभेद आहेत. सुवर्णगृहातील शाक्यमुनींची ब्राँझमूर्ती तोरी या मूर्तिकाराने ६२३ मध्ये घडविली.

या गृहाच्या बारा भिंतींवर सातव्या शतकाच्या अखेरीस किंवा आठव्याच्या आरंभी बुद्धांचे स्वर्गलोक व बोधिसत्त्व रंगविलेले होते. त्यांची सारख्या जाडीची दृढ रेषा, देहाला दिलेली लयबद्ध बाकदार ठेवण आणि अर्धोन्मीलित नेत्र पाहून अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणीची आठवण अनेक अभ्यासकांना झाली. हा प्रभाव थेट नव्हे. तो मध्य आशिया व थांग काळातील चीन यांच्या मार्गाने आला असावा. दोन्ही ठिकाणी चित्रे कोरड्या गिलाव्यावर काढलेली आहेत, हे साम्यही लक्षणीय होय.

दोहोंच्या प्रतिकृतींचा इतिहास मात्र विषादजनक आहे. रॉबर्ट गिल याने केलेल्या अजिंठ्याच्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. जॉन ग्रिफिथ्स याने मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांच्या साहाय्याने केलेल्या (१८७२–८५) प्रतिकृतींपैकीही अनेक १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. आराइ काम्पो (१८७८–१९४५) प्रभृती जपानी चित्रकारांनी १९१७-१८ मध्ये अजिंठ्यास राहून चित्रांचे रेखांकन केले; ते टोकिओ येथे १९२३ च्या भूकंपाच्या आगीत नष्ट झाले. याच आराइने पुढे १९४० पासून होऱ्यूजीच्या चित्रांच्या प्रतिकृतींचे काम अंगावर घेतले व मृत्यूपर्यंत केले. ते काम इतरांनी चालू ठेवले असता २६ जानेवारी १९४९ रोजी पहाटे सुवर्णगृहास आग लागली. चित्रकारांनी थंडीसाठी वापरलेल्या विजेच्या गादीवर संशय होता. पण कारण निर्विवादपणे ठरले नाही. दुरुस्तीसाठी वरचा मजला व मूर्ती आधीच काढून ठेवल्या होत्या, म्हणून त्या वाचल्या. भिंती उभ्या राहिल्या. त्यांवरील रंग जाऊन काळवंडलेल्या रेषा तेवढ्या उरल्या.

या आघातामुळे जपानमध्ये १९५० साली सांस्कृतिक संपत्तीच्या संरक्षणाचा सर्वंकष कायदा झाला आणि १९५५ पासून २६ जानेवारी हा अशा वास्तूंच्या अग्निप्रतिबंधाचा दिवस म्हणून पाळला जातो. त्या दिवशी देशभरच्या मंदिरांतून आग विझविण्याच्या कवायती होतात. सुवर्णगृहाचा जीर्णोद्धार १९५४ मध्ये पूर्ण झाला. सुदैवाने १९३५ मध्ये क्योटोच्या एका मुद्रणसंस्थेने सर्व भिंतींची काचपट्ट्यांवर छायाचित्रे घेतली होती. त्यांच्या आधारे नामवंत चित्रकारांनी केलेल्या नव्या प्रतिकृती १९६८ मध्ये गृहात बसविण्यात आल्या. प्रवाशांना दिसतात त्या याच होत. जळालेल्या भिंती व खांब वेगळ्या अग्निरोधक इमारतीत मूळ मांडणीप्रमाणे उभे करून ठेवलेले असून एरवी ती इमारत बंद असते.