आतड्यातले जिवाणू आणि आखडलेले सांधे

सगळ्या दुखण्यांचं मूळ पोटात असतं, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. ‘माधवनिदान’ या ग्रंथात आमवाताचं वर्णन आहे, त्यात बिघडलेलं पचन आणि सुजलेले सांधे यांची सांगड घातलेली आहे. ते निरीक्षण बारकाईचं होतं, म्हणूनच ते टिकलं. अलीकडे आतड्यातल्या जिवाणूंवरच्या संशोधनाच्या बातम्या येऊ लागल्यापासून या समजुतीला नवं बळ मिळालं आहे. पोटातले वाईट जिवाणू धुऊन काढा, चांगले जिवाणू कॅप्सूलमधून पोटात टाका आणि गुडघे मोकळे करून घ्या, असा सल्ला सर्रास दिला जातो. पण संशोधनातून जे हाती आलं आहे ते याहून बरंच गुंतागुंतीचं आहे. काही संधिविकारांची सुरुवात खरोखरच आतड्यात होते, मात्र नुसता जिवाणू हा रोग घडवत नाही. त्याला साथ देणारं काहीतरी शरीरात आधीपासून असावं लागतं. हे नीट समजून घ्यायचं तर माणसाबरोबर त्याच्या भाऊबंदांकडे, म्हणजे माकडं आणि गोरिलांकडेही पाहायला हवं.

पहिली गल्लत ‘संधिवात’ या शब्दापासूनच सुरू होते, कारण त्या एका शब्दाखाली आपण अनेक वेगळे आजार कोंबतो. वयानुसार होणारी गुडघ्याची झीज हा त्यांतला सर्वांत सामान्य आजार. ती खुर्चीत बसून राहण्याची किंवा आजच्या खाण्याची देणगी आहे, असं अनेकांना वाटतं, पण माकडांचे सांगाडे वेगळं सांगतात. १९३८ साली क्लॅरेन्स कार्पेंटर या अमेरिकी शास्त्रज्ञाने भारतातली सुमारे चारशे लाल तोंडाची माकडं जहाजाने नेऊन पोर्तो रिकोजवळच्या कायो सांतियागो या छोट्या बेटावर सोडली. त्यांचे वंशज आजही तिथे मोकळे हिंडतात आणि मेलेल्या माकडांचे सांगाडे अभ्यासासाठी जपून ठेवले जातात. त्यांतल्या म्हाताऱ्या माकडांच्या सांध्यांत आणि मणक्यांत माणसासारखीच झीज आढळली आहे. गोरिलांच्या सांगाड्यांत मात्र संशोधक ब्रूस रॉथशिल्ड यांना मणक्याच्या आणि कमरेच्या सांध्यांच्या दाहाच्या खुणा सापडल्या. दाह आणि झीज हे दोन निराळे आजार आहेत, आणि आतड्याशी असलेल्या नात्याचा भक्कम पुरावा आहे तो दाहाच्या बाबतीत. झिजलेल्या गुडघ्याच्या रुग्णाला पोट साफ करायचं औषध देणारा माणूस हा फरकच विसरलेला असतो.

दाहाचं सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे आव होऊन गेल्यावर काही आठवड्यांनी सुजणारे सांधे. १९४४ साली फिनलंडमध्ये शिगेला या जिवाणूमुळे आवेची मोठी साथ आली. सुमारे दीड लाख लोक आजारी पडले आणि त्यांतल्या ३४४ जणांना नंतर अशा संधिदाहाने गाठलं, अशी नोंद पारोनेन या डॉक्टरांनी १९४८ साली प्रसिद्ध केली. जिवाणू तोच, तरी हजारात दोन-तीन जणांचेच सांधे धरले. असं का व्हावं? उत्तराचा मोठा भाग १९७३ साली मिळाला. मणका आखडवणाऱ्या अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसच्या बहुसंख्य रुग्णांमध्ये एचएलए-बी२७ नावाचं जनुक असल्याचं लंडन आणि लॉस एंजलिसच्या गटांनी त्या वर्षी स्वतंत्रपणे दाखवून दिलं. पुढे आवेनंतरच्या संधिदाहाशीही त्याचा संबंध जुळला. तरीही हे जनुक अंगात असलेल्या बहुतेकांना आयुष्यभर काहीच होत नाही. पाळीव कळपातल्या माकडांमध्ये शिगेलाची लागण झाली, तेव्हाही हेच चित्र दिसलं. काही माकडांचे सांधे सुजले, काहींचे नाही, आणि कोण सुटलं, कोण सापडलं हे त्यांच्या जनुकांशी जुळत होतं. गोरिलांचा निष्कर्ष तर आणखी विचार करायला लावणारा आहे. दाह झालेल्या गोरिलांमध्ये अशा जनुकापासून बनणारा रेणू बी२७ च्या रेणूसारखा फारसा नव्हता, पण प्रथिनांचे तुकडे पकडण्याची त्याची एक ढब बी२७ शी मिळतीजुळती होती. म्हणजे महत्त्व जनुकाच्या नावापेक्षा त्याचा रेणू प्रतिकारशक्तीपुढे काय आणि कसं ठेवतो याला असावं.

मग जिवाणू आतड्यातून निघून थेट गुडघ्यात जातो का? बऱ्याच जणांच्या डोक्यात चित्र असतं ते हेच. फिनलंडच्या ग्रॅनफोर्स आणि सहकाऱ्यांनी १९८९ साली आणि त्यानंतर रुग्णांच्या सांध्यातल्या पाण्यातल्या पेशी तपासल्या, तेव्हा त्यांत येर्सिनिया, साल्मोनेला अशा जिवाणूंचे अंश सापडले, पण जिवंत, वाढणारा जिवाणू सहसा मिळत नाही. सांध्यात पोहोचतात ते अवशेष, आणि त्यांच्यावर पेटून उठते ती आपलीच प्रतिकारशक्ती. म्हणूनच एकदा सांधे सुजल्यावर प्रतिजैविकांनी फारसा फायदा होत नाही. उंदरांवरच्या प्रयोगांनी ही साखळी अधिक स्पष्ट केली. मानवी बी२७ घातलेल्या मोठ्या जातीच्या उंदरांना संधिदाह होई, पण तेच उंदीर पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवले तेव्हा त्यांचं आतडंही शांत राहिलं आणि सांधेही, असं १९९४ साली दिसलं. जनुक तेच असताना जिवाणू नसले तर दाह होत नाही, आणि माणसांत जिवाणू तोच असताना जनुक नसलं तर तो होण्याची शक्यता कमी असते.

इथे एक आक्षेप रास्त आहे. ऱ्हुमॅटॉइड संधिवात या सांध्यांच्या दाहाच्या दुसऱ्या आजारात तर एका जिवाणूचं नावच सापडलं आहे ना? २०१३ साली न्यूयॉर्कच्या गटाने नव्याने आजारी पडलेल्या, औषध सुरू न झालेल्या ४४ रुग्णांपैकी ३३ जणांच्या मळात प्रीव्होटेला कॉप्री हा जिवाणू दाखवला. निरोगी माणसांत तो पाचात एकाच्या आसपास होता. फरक लक्षणीय आहे, पण उरलेल्या ११ रुग्णांचं काय आणि तो बाळगूनही ठणठणीत असलेल्यांचं काय? शिवाय प्रीव्होटेला भारतीयांच्या आतड्यात भरपूर असतो, कारण धान्य, डाळी, भाजी अशा तंतुमय जेवणावर तो पोसला जातो. निव्वळ तो असण्याने संधिवात होत असता तर भाकरी-आमटी जेवणारं प्रत्येक घर आजारी असतं. पुढे असंही कळलं की या एका नावाखाली प्रत्यक्षात जिवाणूंचे अनेक वेगवेगळे गट आहेत. माकडांच्या अभ्यासावरही असाच एक खरा आक्षेप आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार पिंजऱ्यातल्या माकडांच्या आतड्यातले जिवाणू रानातल्या जातभाईंसारखे न राहता माणसासारखे होतात, आणि त्यांत प्रीव्होटेला वाढतो. त्यामुळे पिंजऱ्यातल्या माकडावरून रानातल्या माकडाबद्दल बोलताना जपायला हवं. पण माणसाच्या आजाराशी तुलना करताना हीच गोष्ट काहीशी उपयोगी पडते.

उपायांच्या बाबतीत उतावीळपणा किती महाग पडतो हे इतिहासात नोंदलेलं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शरीरात कुठेतरी दडलेला संसर्ग सांधे बिघडवतो, असं अनेक डॉक्टर मानत. त्यापायी रुग्णांचे चांगले दात उपटले गेले, टॉन्सिल काढल्या गेल्या, आणि लंडनच्या आर्बथनॉट लेन या शल्यविशारदाने तर लोकांची मोठी आतडी कापून काढली. आजच्या घाईचं उदाहरण डेन्मार्कचं आहे. तिथे सोरायसिसबरोबर येणाऱ्या संधिवाताच्या ३१ रुग्णांवर निरोगी माणसाचा मळ आतड्यात सोडण्याची चाचणी झाली. २०२१ साली निकाल आला तेव्हा खरा मळ मिळालेल्या गटात उपचार फसण्याचं प्रमाण खोटा उपचार मिळालेल्यांपेक्षा जास्त निघालं. जिवाणू बदलले की आजार जाईल, हे गृहीतक तिथे तरी टिकलं नाही.

आणि तरीही आतड्यातले जिवाणू संधिवाताच्या उपचारात रोज काम करत आहेत. स्वीडनच्या नाना स्वार्ट्झ यांनी संधिवातामागे संसर्ग असावा या समजुतीतून एक जिवाणूविरोधी सल्फा औषध आणि सॅलिसिलिक आम्ल एका रेणूत जोडून सल्फासालाझिन तयार करवून घेतलं. ते आजही दिलं जातं. पण गोळी गिळल्यावर तो जोड शरीर स्वतः तोडत नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू तो तोडतात, आणि मगच औषधाचे दोन्ही भाग मोकळे होतात.