मिरजेचा तंबोरा आणि मायक्रोफोन

ध्वनिमुद्रणासाठी कोणता मायक्रोफोन घ्यावा, हा प्रश्न हल्ली गावोगावच्या संगीतप्रेमी मंडळींना पडतो, आणि त्याचे उत्तर बहुधा दुकानदार देतो. आमच्या मते हा प्रश्न आधी वाद्याला विचारावा. त्यासाठी सांगली-साताऱ्याच्या मंडळींना दूर जायला नको. मिरजेचा तंबोरा समोर घेतला की पुरे.

एकोणिसाव्या शतकात मिरजेचे शस्त्रे घडवणारे, त्यांना धार लावणारे शिकलगार तंतुवाद्यांकडे वळले. फरीदसाहेब सतारमेकरांचे नाव त्यांत अग्रभागी आहे. पंढरपूरकडच्या भोपळ्यावर लाकडी तबली आणि दांडी चढते, पण वाद्याचा खरा प्राण घोडीच्या रुंद पृष्ठभागावर असतो. तो पृष्ठभाग किंचित उताराचा ठेवून तारेखाली दोरा सरकवला की जवारी लागते. कंप पावणारी तार घोडीला सतत घासून उठते आणि मूळ स्वराबरोबर वरच्या स्वरांची एक माळच उमटते. जिथे तार छेडली तिथे ज्यांचा स्थिरबिंदू पडतो, ते उपस्वर एरवी उमटू नयेत. तंबोऱ्यात मात्र ते स्पष्ट ऐकू येतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921 साली दाखवून दिले.

मायक्रोफोनची परीक्षा होते ती या उपस्वरांपाशी. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. त्यांची विसाव्या शतकाच्या आरंभीची गाणी कर्ण्यात गाऊन मुद्रित झाली. मायक्रोफोन तेव्हा ध्वनिमुद्रणात आलाच नव्हता. सेकंदाला सुमारे अडीच हजार कंपनांच्या वरचे फारसे काही त्या कर्ण्याला पकडता येत नसे. गायकाचा कंठ ठशावर उमटला, जवारीचे तेज मात्र बाहेरच राहिले.

आजही चुकीचा मायक्रोफोन तेच करतो. सभेत भाषणासाठी वापरतात त्या डायनॅमिक मायक्रोफोनात पडद्याला तारेचे वेटोळे चिकटवलेले असते आणि ते चुंबकाच्या क्षेत्रात हलते. वेटोळ्याच्या वजनामुळे पडदा अतिजलद कंपनांना मंदपणे साथ देतो. सनई-चौघड्यासारख्या मोठ्या आवाजाला तो उत्तम आणि धक्काबुक्कीही सोसतो, पण तंबोऱ्याच्या हळुवार नादासाठी त्याचा आवाज इतका वाढवावा लागतो की बरोबर खरखरही वाढते. कंडेन्सर मायक्रोफोनात वेटोळे नसते. अत्यंत पातळ पडदा आणि त्यामागची पट्टी यांतले अंतर बदलले की विद्युत्‌धारकता बदलते. त्याला बहुधा 48 व्होल्टचा पुरवठा लागतो, आणि तो नाजूकही असतो. तरी तंबोरा, सतार यांसाठी लहान पडद्याचा कंडेन्सरच घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

त्यातही दिशेचा विचार आहे. चारी बाजूंचे ऐकणारा मायक्रोफोन शांत खोलीत सर्वांत नैसर्गिक वाटतो. पण साताऱ्याकडच्या औंधला 1940 पासून भरणाऱ्या संगीतमहोत्सवासारख्या श्रोत्यांनी भरलेल्या मैफलीत, कर्णे चालू असताना, समोरचेच ऐकणारा घ्यावा. नाहीतर शीळ वाजू लागते. मात्र असा एकदिशी मायक्रोफोन वाद्याच्या फार जवळ नेला तर खर्ज अवास्तव फुगतो.

जागा तर किमतीपेक्षाही महत्त्वाची. तबलीसमोर सुमारे दीड-दोन फुटांवर, घोडीच्या किंचित बाजूला रोख ठेवावा. थेट घोडीवर धरला तर नुसती झणझण येते, दांडीवर धरला तर बोटांचा आवाज. अंतर दुप्पट केले की वाद्याचा थेट नाद 6 डेसिबलने उतरतो. खोलीचा घुमारा मात्र जवळपास तसाच राहतो. म्हणून फरशीच्या, उघड्या भिंतींच्या दिवाणखान्यात आधी जाजम अंथरावे, पडदे सोडावेत, पंखा बंद करावा. एवढ्याने जे साधते ते महागड्या यंत्रानेही साधत नाही.

आम्ही या बारकाव्यांवर इतका भर देतो, त्याला कारण आहे. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण गायकाच्या पिशवीत विजेचा तंबोरा केव्हाच शिरला आहे. ध्वनिमुद्रणात जवारी हरवली, तर हाताने घडवलेला तंबोरा आणि ती पेटी यांत श्रोत्याला फरक कळायचा कसा? आणि फरकच कळेना, तर कारागिराकडे तंबोरा मागायला कोण जाईल? तेव्हा यंत्र विकत घेण्यापूर्वी ते दुकानातून अर्ध्या दिवसासाठी मागून आणावे, जवारी लावणाऱ्या कारागिरासमोर मुद्रण करावे, आणि ते त्यालाच ऐकवून त्याचे मत घ्यावे.