प्रतबंदीच्या कागदांतील ‘आणे’

जुनीं दप्तरें धुंडाळणाऱ्यांच्या हातीं पेशवाईंतील कागदांबरोबर पुष्कळदां इंग्रजी अमलाच्या आरंभींचे जमीनपाहणीचे कागदही येतात. त्यांत शेतापुढें ‘१० आणे’, ‘६ आणे’ असे आंकडे दिसतात. हाच सरकारी धारा, असें समजून त्यावरून कुणब्यावरील कराचें मान काढण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. प्रतबंदीच्या कागदांतील आणे नाण्याचे नसून जमिनीच्या कसाचे आहेत.

जमिनीच्या प्रती लावण्याची रीत नवी नव्हे. अव्वल, दूम, सीम हे शब्द जुन्या कागदांत पदोपदीं येतात. इंग्रजी अमलांत प्रिंगल यानें पुणें जिल्ह्यांत १८३० च्या सुमारास जी पाहणी केली, तींत पिकाच्या किंमतींतून लागवडीचा खर्च वजा करून उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे शेंकडा ५५ सरकारचे धरले होते. तत्त्व सुबक होतें. परंतु उत्पन्नाचे अंदाज भरंवशाचे नव्हते. त्यांतच धान्याचे भाव उतरले, आकार भारी झाला, बाक्या थकल्या व शेतें ओस पडलीं. म्हणून १८३५ सालीं गोल्डस्मिड व विंगेट यांनीं इंदापूर तालुक्यांत काम नव्यानें हातीं घेतलें आणि पुढल्या वर्षापासून तीस वर्षांच्या मुदतीचे दर लागू झाले. या अनुभवांतून आलेली पद्धति १८४७ च्या संयुक्त अहवालांत ग्रथित झाली.

तिचें मर्म असें कीं, जमिनीची पारख आणि धाऱ्याचा दर हीं दोन कामें वेगळीं केलीं. प्रतबंदी करणाऱ्या कारकुनानें रुपयांचा विचारच करावयाचा नाहीं. त्यानें शेताचे साधारण सारखे भाग पाडावे, प्रत्येक भागांत खणून मातीचा प्रकार व खोली पाहावी आणि नकाशाच्या चौकटींत मांडावी. मातीचे प्रकार तीन: बारीक, एकजिनसी काळी, तिच्याहून भरड, बहुधा तांबडी, आणि मुरमाड किंवा भुसभुशीत, फिकी. काळ्या मातीची खोली पावणेदोन हात असल्यास १६ आणे, दीड हात असल्यास १४, सव्वा हातास १२, एक हातास १०, पाऊण हातास ८ व अर्ध्या हातास ६, अशी उतरती श्रेणी होती. एकंदर प्रती नऊ. शेवटची दोन आण्यांची. चुनखड, वाळूची भेसळ, उतार, उपळ असे दोष असल्यास दर दोषास एक प्रत खालीं येई. दोषांसाठीं ठराविक खुणा असत.

एक कल्पित उदाहरण घेऊं. आठ एकरांच्या काळ्या शेताचे चार भाग पाडले. पहिल्याची खोली पावणेदोन हात, म्हणजे १६ आणे. दुसऱ्याची सव्वा हात. पण चुनखडीमुळें १२ चे १० झाले. तिसरा ८, चौथा ६. बेरीज ४०, सरासरी १० आणे. हीच त्या शेताची प्रत. आतां हवापाणी, बाजारपेठेची जवळीक व लागवडीची स्थिति पाहून त्या गांवांच्या गटास वरिष्ठ अधिकाऱ्यानें सोळा आणे प्रतीचा दर एकरीं सव्वा रुपया ठरविला, असें समजा. त्याचे दहा-सोळांश म्हणजे साडेबारा आणे एकरीं, आणि साऱ्या शेताचा आकार ६ रुपये ४ आणे. ‘१० आणे’ हाच एकरीं धारा मानणारा येथें अडीच आण्यांनीं चुकेल. आणि शेजारच्या तालुक्यांत दर निराळा असल्यास चूकही निराळी होईल.

तेव्हां दोन गांवांच्या प्रतबंदीची तुलना केल्यानें मातीची तुलना होते, कराची नव्हे. कराची तुलना करावयाची तर त्या गटाचा कमाल दर व आकारबंद हे दोन्ही शोधले पाहिजेत. श्रेणीचें कोष्टकही प्रदेशपरत्वें बदलत असे. म्हणून वर दिलेले आंकडे सर्वत्र लावूं नयेत.

घोटाळ्यास आणखीही वाटा आहेत. मोजणींत गुंठ्याचेही सोळा आणे असतात. तेथें आणा हें क्षेत्राचें माप होय. वांटणीपत्रांत तो भावाबंदांचा हिस्सा दाखवितो. पीकपाहणीच्या आणेवारींत तो त्या सालच्या पिकाचा अंदाज असतो. १९५७ सालीं दशमान नाणीं आल्यानंतर तिलाच पैसेवारी हें नांव पडलें. सर्वत्र सोळा आणे म्हणजे पूर्ण. पूर्ण कशाचें, हें मात्र कागदाच्या जातीवरून ठरतें.

म्हणून संग्राहकांस विनंति इतकीच कीं, अशा पुस्तकांतील खुणांच्या चौकटी निरुपयोगी समजून सुटे कागद वेगळे करूं नयेत. आंकड्याशेजारची चौकट हरवली, कीं तो आंकडा कशावरून आला हें सांगणारा साक्षीदारच नाहींसा होतो. पूर्वीं एका कारकुनानें बांधावर उभें राहून कोणत्या शेतांत हातभर काळी माती पाहिली, याची तीच नोंद होय.