विमानांच्या घरीं मोटारींचा मेळा

इंग्लंडांत सरे परगण्यांतील ब्रुकलंड्स येथें विमानांचें व मोटारींचें एकच संग्रहालय आहे. तेथें मोटारींचे मेळे भरतात आणि मुलांकरितां हस्तकौशल्याचे उपक्रमही योजतात. विमानाशेजारीं कात्री-खळ कशाला, असें कोणी विचारील. आम्हांस मात्र ही जोडी स्वाभाविकच वाटते. मुलींच्या हातीं सुई व मुलांच्या हातीं पाना, अशी वांटणी ज्या घरांतून अजून चालते, त्यांनीं तर तेथील वेलिंग्टन विमान अवश्य पाहावें. ३१ डिसेंबर १९४० रोजीं तें स्कॉटलंडांतील लॉक नेस सरोवरांत बुडालें, आणि १९८५ सालीं वर काढण्यांत आलें. बार्न्स वॉलिस यांनीं योजिलेला त्याचा सांगाडा जणू टोपलीची वीणच! तिरप्या पट्ट्या एकमेकींस आधार देतात. कांहीं तुटल्या तरी बाकीच्या भार पेलीत. त्यावर कापड ताणून शिवीत. वैमानिकांचे प्राण त्या टांक्यांवरही अवलंबून असत.

मोटारींच्या शर्यतीचा काँक्रीटचा मार्ग येथें ह्यू लॉक किंग यांनीं १९०७ सालीं स्वतःच्या जमिनीवर बांधविला. खर्चानें व आजारानें ते खचले, तेव्हां कारभार सांवरला तो पत्नी एथेल यांनीं. आणि उद्घाटनाच्या मिरवणुकींत अग्रभागींची मोटारही त्यांनींच हांकली.