आजारी मुलांच्या वेदनांवर आधी कशाचं संशोधन व्हावं? आणि हे ठरवणार कोण?

बुलढाणा जिल्ह्यातल्या मुलाला कर्करोग झाला, तर आई-वडील अकोला, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर गाठतात. काही जण मलकापूर किंवा शेगावहून रेल्वेत बसून सुमारे ५०० किलोमीटरवरच्या मुंबईला, टाटा रुग्णालयात जातात. उपचार लागू पडले तर उत्तमच. पण डॉक्टरांनी "आता घरी घेऊन जा" असं सांगितलं तर? संग्रामपूर किंवा लोणार तालुक्यातल्या घरात पुढचे दिवस कसे जातात, रात्री मूल कळवळलं की आई काय करते, याची माहिती वैद्यकशास्त्राकडेही फार थोडी आहे.

ती मिळवायला संशोधन लागतं. पैसा कमी, माणसं कमी आणि प्रश्न ढीगभर. त्यामुळे आधी कोणता प्रश्न हाती घ्यायचा, हे ठरवणं हेच एक मोठं काम आहे.

पॅलिएटिव्ह केअर फक्त शेवटच्या दिवसांसाठी असते का?

नाही. आजार बरा होवो न होवो, वेदना, धाप, उलट्या, भीती, घरच्यांची ओढाताण हा सगळा त्रास कमी करणं म्हणजे पॅलिएटिव्ह केअर. निदान झालं त्या दिवसापासून, मूळ उपचारांसोबतच ती सुरू करता येते. ती केवळ कर्करोगासाठीही नसते. सेरेब्रल पाल्सी, थॅलेसेमिया, सिकलसेल, एचआयव्ही, स्नायूंचे आजार अशा कितीतरी मुलांना तिची गरज असते.

'लॅन्सेट' आयोगाच्या २०१७ च्या अहवालानुसार जगात दरवर्षी सुमारे २५ लाख मुलं गंभीर त्रास सोसत मरण पावतात. त्यातली ९८ टक्क्यांहून अधिक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली असतात. संशोधन मात्र मुख्यतः श्रीमंत देशांतल्या मोठ्या रुग्णालयांत होतं.

महाराष्ट्रात या बाबतीत थोडं काम आधी झालं आहे. २०१० मध्ये ब्रिटनच्या मदतीने मुलांच्या पॅलिएटिव्ह केअरचा एक प्रकल्प राज्यात सुरू झाला. मुंबईतलं सायन रुग्णालय आणि आदिवासी भागातलं जव्हारचं कॉटेज रुग्णालय ही त्यातली केंद्रं होती. टाटा रुग्णालयातल्या डॉ. मेरी अ‍ॅन मुकादन यांचा त्यात पुढाकार होता.

जगाची यादी काय सांगते?

२०१५ मध्ये मुलांच्या पॅलिएटिव्ह केअरसाठी काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने संशोधनाच्या प्राधान्यक्रमाचा अभ्यास प्रसिद्ध केला. डॉ. मुकादन त्याच्या लेखकांपैकी एक. पद्धत होती 'डेल्फाय'. म्हणजे जाणकारांना प्रश्नांना गुण द्यायला सांगायचं, सगळ्यांचा कल त्यांना दाखवायचा आणि पुन्हा विचारायचं. समोरासमोर बैठक नसल्यामुळे मोठ्या आवाजाच्या माणसाचं मत इतरांवर लादलं जात नाही.

यादीत सर्वांत वर पाच विषय आले. मुलांना मृत्यू कसा कळतो, मॉर्फिन मिळत नाही तिथे मुलांच्या वेदना कशा कमी करायच्या, निधी, प्रशिक्षण, आणि जागतिक आरोग्य संघटनेची दोन पायऱ्यांची वेदनाशामक पद्धत मुलांमध्ये कितपत उपयोगी पडते.

ही दोन पायऱ्यांची पद्धत २०१२ च्या मार्गदर्शिकेतली होती, ती मार्गदर्शिका २०१९ मध्ये मागे घेतली गेली. कमी दुखत असेल तर पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन, जास्त दुखत असेल तर थेट मॉर्फिनसारखं औषध. मधली, कोडीनची पायरी मुलांसाठी काढून टाकली. कागदावर सोपं होतं. पण जिथे मॉर्फिनच नाही, तिथे दुसरी पायरीच गायब होते. म्हणून यादीतला दुसरा प्रश्न बुलढाण्यासारख्या जिल्ह्याला सगळ्यात जवळचा आहे.

खरं तर ही टंचाई अजबच. भारतात अफूची कायदेशीर शेती होते, मॉर्फिनची गोळी महाग नाही. पण १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे परवान्यांची इतकी भानगड झाली की रुग्णालयांनी हे औषध ठेवणंच टाळलं. २०१४ च्या दुरुस्तीने नियम सोपे केले. डॉक्टरांच्या मनातली व्यसनाची भीती मात्र कायद्यातल्या दुरुस्तीने जात नाही.

"त्याला काही सांगू नका"

पहिला प्रश्नही आपल्याकडे तितकाच अवघड आहे. आजोबा 'देवाघरी गेले' एवढंच मुलांना सांगायची आपली पद्धत. आजारी मुलासमोर तर विषयच निघत नाही. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ मायरा ब्लूबाँड-लँगनर यांनी १९७० च्या दशकात ल्युकेमिया झालेल्या मुलांसोबत राहून पाहिलं, तेव्हा कुणी न सांगताही मुलांना सगळं कळलेलं होतं. मोठ्यांना वाईट वाटू नये म्हणून ती गप्प होती! वऱ्हाडातल्या घरात, आजी-काका-मावशींच्या गोतावळ्यात मूल काय समजतं आणि कुणाशी बोलतं, हे तिकडच्या अभ्यासातून कळणार नाही.

पालकांना विचारलं तर?

२०१५ च्या यादीसाठी विचारलं गेलं ते प्रामुख्याने या क्षेत्रात काम करणाऱ्यांना. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये जेम्स लिंड अलायन्सच्या पद्धतीने पॅलिएटिव्ह केअरची दुसरी एक यादी निघाली. ती फक्त मुलांसाठी नव्हती, पण तिच्यात रुग्ण आणि घरच्यांनाही डॉक्टरांच्या बरोबरीने मत होतं. तिथे पहिला आलेला प्रश्न अगदी घरगुती होता: दवाखान्याच्या वेळेबाहेर, रात्री-अपरात्री मदत कशी मिळेल?

बुलढाण्यातले पालक काय म्हणतील? कदाचित हेच, कदाचित बुडालेल्या मजुरीबद्दल किंवा घरातल्या दुसऱ्या मुलांबद्दल. त्यांना विचारण्याची सोय आता आधीपेक्षा बरी आहे. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या १२ सेवांमध्ये पॅलिएटिव्ह केअर आहे, गावोगावी आशाताई आहेत आणि २०२४ मध्ये बुलढाण्यात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयालाही मान्यता मिळाली. मात्र 'पोट दुखून राह्यलं' असं म्हणणाऱ्या मुलाच्या आईपुढे इंग्रजी ऑनलाइन फॉर्म ठेवून चालणार नाही. तिच्याच बोलीत, आणि शेतातून परतल्यावर, संध्याकाळीच विचारावं लागेल.